पंखा मिळेपर्यंत

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार आधी, तक्रार नंतर. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी आपण दोघं इतकं ओरडलो की शेजारच्या काकू भांडण सोडवायला आल्या. आयुष्यभर रेडिएटर ठोकून कान घालवलेस, आता भाचीचं अक्षर वाच.

बाबांची गाडी तापते आहे. रस्त्याला लागली की ठीक असते. शाळेच्या फाटकापुढे गाड्यांची रांग लागते, तिथे उभी राहिली की काटा वर सरकायला लागतो. गेल्या आठवड्यात तर लाल पट्टीला जाऊन टेकला. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, पंखा फिरत नाही म्हणाला आणि नवा बसवला. त्याच्याकडे तो गरागरा फिरला. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. आता तो म्हणतो नवा पंखाच खराब निघाला, या वेळी कुठला आणायचा ते तुम्हीच ठरवा. मला पंख्यातलं कळतं ते एवढंच, की तो छताला असतो.

तुला माहीत आहे, माझी लॅबमधली पाळी सकाळी फार लवकर सुरू होते. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, त्यांना ताटकळत ठेवता येत नाही. पिल्लूचे बाबा साइटवर, महिन्यातून एकदा घरी. म्हणजे पिल्लूला शाळेत सोडणं आणि आणणं सगळं माझ्या बाबांवर. आई गेल्यापासून त्यांचा दिवस त्या दोन फेऱ्यांवरच उभा आहे. गाडी बसली तर बाबाही बसतील, याची मला जास्त धास्ती वाटते.

बाकी बाबा मजेत. हल्ली जरा गप्प असतात एवढंच.

तुझी,
बबडी


९ फेब्रुवारी

बबडे,

उंटावरून शेळ्या हाकायला सांगते आहेस, पण मामा आहे म्हटल्यावर हाकल्या पाहिजेत.

पंखा कशाला असतो ते आधी समजून घे. इंजिनात फिरून तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातं आणि हवा लागून निवतं. गाडी पळत असली की समोरून वारा फुकट मिळतो, तेव्हा पंखा झोपला तरी चालतं. गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि मग पंख्याने हवा ओढायची असते. म्हणून तुमची गाडी रस्त्यावर शहाण्यासारखी वागते आणि शाळेच्या फाटकापुढे डोकं तापवून घेते. पळताना तापली असती तर मी म्हणालो असतो, पंखा सोडा, नळ्या तुंबल्यात का बघा. तेव्हा दुखणं पंख्यापाशीच आहे. पण पंख्यापाशी म्हणजे पंखाच, असं नव्हे. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिलेत.

एक कर. इंजिन सुरू कर आणि एसी लाव. एसी लावला की पंख्याने थोड्याच वेळात उठायला पाहिजे. उठला नाही, तर त्याच्या मोटरकडे जाणारी तार आणि तिची पिन बघ. पिन बसलेली आहे का, वितळलेली आहे का. मग मला लिही. आवाज येत असेल तर तोही लिही, खरखर, शिट्टी, जे काय असेल ते. मला ऐकू येत नाही, वाचता येतं.

आणि पंखा घ्यायचाच झाला तर दुकानदाराच्या तोंडाकडे बघून घेऊ नका. जुन्याचा घेर मोजा आणि जाडी मोजा, इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत तो मावला पाहिजे. जुनी मोटर जेवढा करंट घेते तेवढाच नवी घेणारी हवी, नाहीतर रोज फ्यूज उडेल. भोवतीचं प्लास्टिकचं कडं फेकू नका, त्याच्याशिवाय हवा नळ्यांतून न येता बाजूने पळते. आणि तुमचा पंखा रेडिएटरच्या मागे आहे, म्हणजे हवा ओढणारा पाहिजे. एखादा चतुर माणूस पुढून ढकलणारा पंखा देईल आणि म्हणेल, तारा उलट्या जोडा, काम होईल. फिरेल उलटा, पण पात्यांचा बाक चुकीच्याच बाजूला राहतो. चमचा पालथा धरून साखर घ्यावी तसं. थोडी येते, भागत नाही.

दाजींना नमस्कार सांग. गप्प असतात म्हणजे काय? बस चालवायचे तेव्हा प्रवासी घाबरायचे त्यांच्या आवाजाला.

मामा


१८ फेब्रुवारी

मामा,

तू सांगितलंस तसं केलं. एसी लावला, पंखा ढिम्म. गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं तर पिन निघालेली, तार नुसती लोंबकळत होती. पिन खोचली आणि पंखा लगेच फिरला. दोघांनाही लाज वाटली. पुन्हा निघू नये म्हणून त्याने प्लास्टिकच्या पट्टीने ती करकचून बांधून टाकली.

मामा, आठवड्याच्या आत ती पट्टी कापलेली सापडली. तुटलेली नाही, कापलेली. पिन पुन्हा बाहेर.

मी सगळ्यांवर संशय घेऊन झाले. गॅरेजवाल्यावर, शेजारच्या टवाळ पोरांवर. आणि परवा शाळेसमोर गाडी उकळली. बाबांनी बॉनेट उघडून रेडिएटरचं झाकण तसंच, गरम असताना, फिरवलं. तळहाताला केवढे मोठे फोड आलेत. पिल्लू फुटपाथवर दप्तर पाठीला लावून उभी होती, वाफ तिच्यापासून हातभर अंतरावर. मी जाऊन पोहोचले तेव्हा बाबा तिला म्हणत होते, काही नाही, काही नाही. गरम झाकणाला हात लावला म्हणून क्लीनरच्या हातावर चापट मारणारे माझे बाबा.

मागच्या पत्रात मी तुला बाबा मजेत म्हणून लिहिलं, ते खरं नव्हतं. ते विसरतात. चष्मा-किल्ली सगळेच विसरतात, तसं नाही. जेवून उठतात आणि मला विचारतात, आज स्वयंपाक नाही का केला. एकदा पिल्लूला घेऊन यायला नेहमीपेक्षा कितीतरी उशीर झाला, विचारलं तर म्हणाले, लांबून आलो, वारा चांगला होता. मी मान डोलावली. काय करणार होते? मी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी गाडीची किल्ली काढून घेऊ का? तू सांगशील ते करीन. माझा हात किल्लीच्या खुंटीकडे जात नाही, आणि नाही गेला तर पिल्लू रोज त्या गाडीत बसते आहे.

बबडी


२० फेब्रुवारी

मेव्हण्या,

खुशाल असशील. एक विचारायचं आहे. पोरीला सांगू नकोस, ती किल्ली काढून घेईल.

गाडी बंद होत नाही. दारात आणून लावतो, किल्ली फिरवतो, काढतो, खिशात टाकतो. तरी आत घरघर चालूच. पुन्हा किल्ली लावून पाहतो, पुन्हा काढतो. घरघर चालूच राहते. लोक बघतात. मग मी बॉनेट उघडतो आणि घरघर करणाऱ्याकडे जाणारी तार काढून टाकतो. ते गप्प होतं. मग घरात जातो. मध्ये कोणीतरी ती तार बांधून ठेवली होती, ती मी कापली.

उमेदीची सगळी वर्षं बस चालवण्यात गेली. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. म्हणजे गाडीची चूक नाही, माझी आहे. किल्लीशिवाय आणखी काहीतरी बंद करायचं असणार आणि ते मी विसरतो आहे. खूप आठवून पाहिलं, आठवत नाही.

तू गाड्यांतला आहेस. हसू नकोस. सांग, आणखी काय बंद करायचं असतं?

तुझा,
दाजी


२७ फेब्रुवारी

दाजी,

पत्र वाचून आधी घाबरलो, मग हसलो, मग बाकावर बसून निवांत चहा प्यालो. तुम्ही काहीही विसरलेले नाही. किल्लीशिवाय काही बंद करायचं नसतं.

तुमच्या बसमध्ये पंखा इंजिनच्या नाकावर, पट्ट्यावर फिरणारा. इंजिन फिरलं की तो फिरणार, थांबलं की थांबणार. त्याला स्वतःचं मत नव्हतं. या गाडीतल्या पंख्याला स्वतःची मोटर आहे आणि ती बॅटरीवर चालते. रेडिएटरला एक खटका असतो. पाणी तापलं की तो पंख्याला उठवतो, निवलं की झोपवतो. किल्लीशी त्याचं देणंघेणं नाही. उलट इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि थोडा वेळ जास्तच तापतं, म्हणून तुम्ही उतरलात तरी पंखा मागे राबत राहतो. तुम्ही ऐकता ती घरघर इंजिनची नाही, त्याची आहे. आपली आपण थांबते. तुम्ही तार काढता, मग दुसऱ्या दिवशी रांगेत गाडी तापते. एवढंच रामायण आहे.

पण हात जोडून सांगतो, तिथे बोटं घालू नका. बंद गाडीतसुद्धा तो केव्हाही फिरायला लागतो. आणि गरम झाकण उघडल्याबद्दल मी तुम्हाला भेटल्यावर बोलणार आहे.

मेव्हणा


२७ फेब्रुवारी

बबडे,

दाजींनी मला विश्वासात घेऊन एक गोष्ट सांगितली. ती तुला सांगून मी शब्द मोडतो आहे, पण न सांगता तू किल्ली काढून घेशील.

पिन तेच काढतात. गाडी बंद केल्यावर पंखा फिरत राहतो, त्यांना वाटतं इंजिन चालू राहिलं. जुन्या बसवर वाढलेला माणूस, त्याला असंच वाटणार. माझ्याकडे अशी कितीतरी गिऱ्हाइकं येतात. सगळा उलगडा झाला, मी त्यांना नीट समजावून लिहिलं आहे.

आता जेवण विसरणं वगैरे. तू लॅबमध्ये दिवसभर लोकांची दुखणी बघतेस, त्यामुळे तुला घरातही दुखणीच दिसतात. आपल्या गाडीचा आपल्याला उमज पडेना या काळजीत माणूस जेवला काय आणि न जेवला काय. ते बिघडलेले नाहीत, जुने आहेत. हल्ली कुणाला यातला फरकच कळत नाही. किल्ली राहू दे त्यांच्याकडे. पिल्लूला काही होणार नाही, मी सांगतो ना.

मामा


१५ मार्च

मामा,

तुझं पत्र हातात घेऊन मी लॅबच्या जिन्यावर रडले. इतकी साधी गोष्ट होती आणि मी त्यांना मनातल्या मनात कुठे नेऊन ठेवलं होतं.

गाडी एकदम ठीक आहे. पिन जागेवर. बाबा आता गाडी लावली की पायरीवर बसतात आणि पंखा थांबेपर्यंत ऐकतात. थांबला की पिल्लूला म्हणतात, झोपला बघ गडी. पिल्लूला तो रोजचा खेळ झाला आहे. डॉक्टरांची वेळ मी रद्द केली. उगाच त्यांना प्रश्न विचारून कोण अपमान करणार? हाताचे फोडही सुकले.

एकदाच मनात जरा चुकचुकलं. परवा संध्याकाळी पंखा फिरत असताना त्यांनी विचारलं, हा कसला आवाज येतो. मी सांगायला लागले तर घाईघाईने म्हणाले, हो हो, माहीत आहे मला. पण तू म्हणतोस तसं मला दुखणी शोधायची खोड आहे, म्हणून सोडून दिलं.

बबडी


२ एप्रिल

मेव्हण्या,

खुशाल असशील. पत्र लिहून बरेच दिवस झाले. एक विचारायचं आहे, यापूर्वी कोणाला विचारलं नाही. पोरीला सांगू नकोस.

गाडी बंद होत नाही. दारात लावतो, किल्ली काढतो, खिशात टाकतो, तरी आत घरघर चालूच. मग मी बॉनेट उघडून तार काढतो. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. म्हणजे माझीच काहीतरी चूक होते.

तू गाड्यांतला आहेस. सांग, आणखी काय बंद करायचं असतं?

तुझा,
दाजी


८ एप्रिल

बबडे,

किल्ली काढून घे. हे पत्र वाचून खाली ठेवायच्या आधी काढून घे.

दाजींचं पत्र आलं आहे. तेच पत्र. गाडी बंद होत नाही, कोणाला विचारलेलं नाही, आणखी काय बंद करायचं असतं. मी त्यांना पान भरून समजावलं होतं, ते पत्र त्यांच्यासाठी आलेलंच नाही. मला आधी वाटलं, त्यांचं जुनंच पत्र पुन्हा हातात आलं. मग तारीख पाहिली आणि हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो.

मी तोंडावर आपटलो आहे. गिऱ्हाईक सांगतं तेवढंच ऐकून पार्ट बदलणाऱ्या मिस्त्रीला मी जन्मभर नावं ठेवली, आणि घरच्या माणसाच्या बाबतीत तेच केलं. पंख्याचं दुखणं कळलं, त्या आनंदात दाजींकडे पाहिलंच नाही. तू पाहिलं होतंस. तुला मी गप्प केलं. पिल्लूला काही होणार नाही, हे कुठल्या तोंडाने लिहिलं मी? माझा जीव थाऱ्यावर नाही.

आता ऐक. किल्ली काढून घेताना तू वाईट होऊ नकोस. ते तुझ्याजवळ राहतात, रोज तुझं तोंड बघायचं आहे त्यांना. नाव माझं सांग. म्हण, मामाचं पत्र आलंय, पंख्याचं पातं तडकलंय, ते उडालं तर रेडिएटर फाडून बाहेर येईल, दुसरा पंखा मिळेपर्यंत गाडी काढायची नाही. त्यांना मी तसंच वेगळं लिहितो आहे. ते मिस्त्रीचं ऐकतात, डॉक्टरचं ऐकणार नाहीत. आणि पंखा मला मिळणार नाही. जोवर ते विचारतील तोवर मिळणार नाही.

डॉक्टरांकडे मात्र ने त्यांना.

मामा


२१ एप्रिल

मामा,

तुझं पत्र पोहोचलं त्याच्या आदल्या दिवशीच झालं सगळं.

पिन पुन्हा काढलेली होती. पुलाच्या चढावर गाड्या अडकल्या होत्या, तिथे गाडी वाफ सोडून बंद पडली. बाबांनी पिल्लूला उतरवलं, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं आणि घरी जायला निघाले. घराच्या उलट दिशेने. पार बाजाराच्या पलीकडे एका चपलांच्या दुकानापाशी तिला तहान लागली म्हणून थांबले, तेव्हा दुकानातल्या बाईने तिच्या ओळखपत्रावरचा नंबर पाहून मला फोन केला. मी धावत गेले. पिल्लू म्हणाली, आई, आजोबांनी आज खूप फिरवलं. तिला काही कळलं नाही. बाबांना कळलं होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते, तिचा हात मात्र सोडत नव्हते.

मी तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले होते. दोन दिवस फार रागावले होते. मग वाटलं, मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून इतकं पटकन पटलं.

डॉक्टरांनी तपासलं. दुखण्याचं नाव लांबलचक आहे, ते लिहीत नाही. ते म्हणाले, पुढे जाईल, मागे येणार नाही.

गॅरेजवाल्याने पाणी भरून गाडी सुरू करून आणून दिली. ती दारात उभी आहे. पंख्याचं पातं तडकलंय हे मी बाबांना सांगितलं, तुझं पत्रही त्यांनी वाचलं. म्हणाले, तडकलेल्या पंख्याची गाडी कोण शहाणा रस्त्यावर काढेल? आणि आपणहून किल्ली माझ्या हातात दिली. नीट सांभाळ म्हणाले. मामा, ओढून घ्यावी लागली असती तर बरं झालं असतं असं वाटलं मला.

पिल्लू आता शाळेच्या व्हॅनने जाते.

बबडी


१७ जून

मेव्हण्या,

पंखा मिळाला का? गाडी उभी राहून खराब होते, टायर बसतात, बॅटरी उतरते. पोर व्हॅनमधून जाते, त्या व्हॅनवाल्याला मी पाहिलं आहे, वळणावर ब्रेक दाबतो. वळणाच्या आधी दाबायचा असतो.

मी सकाळी कपडे घालून तयार असतो. मग आठवतं. लवकर बघ.

दाजी


२२ जून

दाजी,

बघतो आहे, विसरलेलो नाही. तुमच्या गाडीचा पंखा म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यापैकी आहे. एक मिळाला होता, तो ढकलणारा निघाला. दुकानदार म्हणतो तारा उलट्या करा, मी म्हटलं, आमच्या दाजींना असलं चालत नाही. दुसरा ओढणारा आहे, पण चौदा इंची, तो तुमच्या कड्यात बसत नाही. तिसऱ्याची मोटर फार करंट खाते, तुमचं वायरिंग जळेल. घाईत भलतंच काही लावण्यात अर्थ नाही. माझ्या ओळखीचा एकजण बाहेरून माल आणतो, त्याला सांगून ठेवलंय.

तोवर गाडीला हात लावू नका. आठवड्यातून एकदा बबडी सुरू करील, म्हणजे बॅटरी उतरणार नाही.

मेव्हणा


३० जून

मेव्हण्या,

आज डोकं साफ आहे. असे दिवस आता कमी येतात, म्हणून लगेच लिहायला बसलो.

काल गाडी धुतली. पोरीने बॉनेट उघडून दिलं आणि शेजारी उभी राहिली. हल्ली ती उभीच असते. तू पातं तडकलंय म्हणून लिहिलं होतंस. मी एकेक पातं बोटाने चाचपलं. तडा कुठेच नाही. पंखा हाताने फिरवला, मोकळा फिरतो. मग पोरीला आतून टेप आणायला लावला आणि कडं मोजलं. चौदा इंची पंखा त्यात बसतो, वर बोटभर जागा उरते. तू डोळे मिटून पंख्याचं माप सांगणारा माणूस. पंखा शोधायला तुला आयुष्यात कधी आठवडा लागलेला नाही. म्हणजे तू पंखा शोधत नाहीस. तू मला थांबवलं आहेस.

राग आला. मला तोंडावर सांगायची कुणाची हिंमत नाही का, असं वाटलं. मोठ्याने ओरडणार होतो. तेवढ्यात व्हॅन आली. पिल्लू उतरली आणि पाणी मागितलं, आणि मला ती चपलांच्या दुकानाची पायरी आठवली. मी तिला घेऊन कुठे चाललो होतो ते मला अजूनही माहीत नाही. तिला तहान लागली नसती तर मी चालतच राहिलो असतो. मग मी ओरडलो नाही. तुम्ही दोघांनी केलं ते बरोबर केलं.

मला कळलंय हे पोरीला सांगू नकोस. खोटं बोलताना तिचा चेहरा अगदी तिच्या आईसारखा होतो, लगेच ओळखू येतं. तिला वाटू दे की जमतंय. तेवढाच तिला धीर.

आणि हे सगळं मी विसरणार आहे. पुढच्या महिन्यात, कदाचित पुढच्या आठवड्यात, पुन्हा तुला विचारीन, पंखा आला का. तू नाही म्हण. दर वेळी नाही म्हण. मी शिव्या घातल्या तरी नाही म्हण. फक्त चौदा इंची बसत नाही असं लिहू नकोस. तो बसतो. दुसरं काहीतरी शोधून काढ, मला पटेल असं.

तुझा,
दाजी